पहिला बेल्ट आणि पहिलं होल्स्टर: आयपीएससी, आयडीपीए, स्टील चॅलेंजसाठी काय घ्यावं?

कृष्णाकाठ_सांगली

नमस्कार मंडळी. मी सांगलीत १० मीटर एअर पिस्तूल खेळतो. कंपनी पुढच्या वर्षी कुटुंबासह चेक प्रजासत्ताकात, ब्रनोला पाठवते आहे. तिथल्या क्लबात आयपीएससीचे (पळत-फिरत, वेळेच्या हिशेबाने लक्ष्यं मारायच्या प्रॅक्टिकल पिस्तूल नेमबाजीचे) सामने नियमित होतात, अधूनमधून आयडीपीए (लपवून बाळगलेल्या पिस्तुलाचे) आणि स्टील चॅलेंजच्या (लोखंडी प्लेट मारायच्या) धर्तीचेही असतात. पिस्तूल सुरुवातीला क्लबचंच मिळेल, सीझेड शॅडो २. बेल्ट, होल्स्टर (पिस्तूल ठेवायचं कंबरेचं म्यान) आणि मॅगझिनचे पाऊच मात्र ज्याचे त्याने आणायचे.

आपल्याकडे एअर पिस्तूलवाल्याचा होल्स्टरशी संबंधच येत नाही. पिस्तूल टेबलावरून उचलायचं, टेबलावरच ठेवायचं. त्यामुळे या बाबतीत पाटी कोरी आहे. विचारायचं ते असं:

तिन्ही प्रकारांना एकच सेट चालेल का? रेस होल्स्टर घ्यावं की साधं कायडेक्सचं (तापवून साच्यात घडवलेल्या कडक प्लॅस्टिकचं)? पाऊच किती लागतात? यातलं काही सांगली-मिरजेत बनवून नेता येईल का? बायकोही खेळणार आहे, तिच्यासाठी वेगळं काही बघावं लागेल का?

आणि एक उपप्रश्न. परवान्यावरच्या .३२ पिस्तुलाने या प्रकारचा सराव इथेच सुरू करून जाता येईल का?

अजिंक्यतारा

खरेदीला हात घालण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा: सामना कोणत्या नियमांचा आणि तुम्ही कोणत्या विभागात (पिस्तुलाच्या प्रकारानुसार केलेल्या गटात). होल्स्टर पिस्तुलाला बसतं का, हा तिसरा प्रश्न. बरेच जण तिसऱ्यापासून सुरुवात करतात आणि रेंजवर गेल्यावर कळतं की हे आपल्या विभागात चालतच नाही.

आयपीएससीत शॅडो २ साध्या साइट्सवर असेल तर तुमचा विभाग प्रॉडक्शन. वर रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारी साइट) असेल तर प्रॉडक्शन ऑप्टिक्स. क्लबला आजच विचारून घ्या, कारण रेड डॉटवाल्या पिस्तुलाला होल्स्टरची वरची पुढची बाजू कापलेली लागते. तशी कापलेली बाजू असलेलं होल्स्टर साध्या साइट्सनाही चालतं, उलटं चालत नाही. शंका असेल तर कापलेलंच घ्या.

बेल्टवरच्या सामानाला प्रॉडक्शनमध्ये दोन बंधनं आहेत. पहिलं जागेचं. कंबरेच्या हाडाचा जो उंचवटा पुढच्या बाजूला दोन्हीकडे हाताला लागतो, त्या रेषेच्या पुढे पिस्तूल, होल्स्टर, पाऊच यांपैकी काहीही यायला नको. दुसरं अंतराचं. सहज उभं असताना तुमच्या धडापासून पिस्तुलाच्या मुठीच्या लांबीच्या मध्यापर्यंतचं अंतर ५० मिलिमीटरच्या आत हवं. पाऊचनाही तोच नियम. रेंज ऑफिसर पट्टी लावून बघतो. त्यामुळे घरी आरशासमोर बेल्ट लावून, पोट आत न ओढता, दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या. ४५ मिलिमीटरवर थांबा, कारण जॅकेट काढलं किंवा पॅन्ट बदलली की दोन-चार मिलिमीटर सहज फिरतात.

बाकी नियम सगळ्या विभागांना सारखे. बेल्ट कंबरेवरच हवा आणि तो पॅन्टच्या किमान तीन पक्क्या लूपमधून गेलेला हवा. इनर-आउटर अशी जोडी असेल तर निदान इनर तरी. खांद्यावरचं होल्स्टर आणि मांडीला बांधायचं होल्स्टर बाद. मुठीची खालची टाच बेल्टच्या वरच्या कडेच्या खाली जाता कामा नये. सहज उभं राहिल्यावर होल्स्टरमधल्या पिस्तुलाचं तोंड पायांपासून १ मीटरच्या पलीकडे रोखलेलं नको. ट्रिगर पूर्ण झाकलेला हवा.

पाऊचचं गणित सोपं आहे. आयपीएससीचा लाँग कोर्स (कोर्स म्हणजे एका वेळी खेळायची स्टेज) जास्तीत जास्त ३२ फैरींचा, मीडियम २४चा, शॉर्ट १२चा. प्रॉडक्शनमध्ये एका मॅगझिनमध्ये १५. म्हणजे ३२च्या कोर्सला एकही फैर वाया न घालवता तिसरं मॅगझिन लागतंच. त्यात एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे पळताना मॅगझिन अर्धं भरलेलं असलं तरी बदलून टाकायची पद्धत आहे, आणि एखादं हातातून निसटतंही. म्हणून बेल्टवर चार पाऊच, पाचवं मॅगझिन पिस्तुलात. उद्या क्लासिक विभागात १९११ पिस्तूल घेऊन उतरलात तर मेजरला (जास्त ताकदीच्या काडतुसांना) मॅगझिनमध्ये ८च मिळतात, मग पाच-सहा पाऊच लागतील. त्यामुळे बेल्टवर जागा शिल्लक राहील अशीच मांडणी करा.

.३२चं विचारलंत. आयपीएससी प्रॉडक्शनला किमान ९×१९ची गोळी लागते, आणि पॉवर फॅक्टर किमान १२५. पॉवर फॅक्टर म्हणजे गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले फूट प्रतिसेकंद वेग, भागिले १०००. .३२ एसीपीची ७१ ग्रेनची गोळी ९०० फुटांनी गेली तरी उत्तर ६४च्या आसपास येतं. ९ मिमी आपल्याकडे निषिद्ध बोअर, म्हणजे साध्या परवान्यावर न मिळणारं. तेव्हा इथे सामन्याचा सराव नको. इथे करायचा तो बेल्टचा आणि हालचालीचा. परवान्याचं पिस्तूल होल्स्टरातून काढायचा सराव घरात करू नका, हे वेगळं सांगायला नको.

वाईकर_रेंज

अजिंक्यतारांनी आयपीएससीचं नीट सांगितलंय. उरलेल्या दोघांचं मी घेतो.

आयडीपीएचा सगळा पाया लपवून बाळगलेल्या पिस्तुलावर आहे. बहुतेक स्टेजना वरून जॅकेट किंवा उघडा शर्ट घालावाच लागतो. हात दोन्ही बाजूंना खांद्याच्या उंचीवर पसरले तरी खालचं पिस्तूल आणि पाऊच दिसायला नकोत. तिथे आयपीएससीचा खाली-बाहेर ढकलणारा हँगर (होल्स्टर बेल्टला जोडणारा तुकडा) चालत नाही. होल्स्टर अंगाला चिकटून हवं, दिवसभर घालता येईल असं. बेल्ट पॅन्टच्या लूपमधूनच ओवलेला आणि पावणेदोन इंचांपेक्षा रुंद नको. म्हणून वेल्क्रोची इनर-आउटर जोडी घरी ठेवायची आणि दीड इंची कडक बेल्ट एकटा वापरायचा. पाऊच दोन पुरतात, कारण आयडीपीएची स्टेज १८ फैरींच्या वर जात नाही. भरलेलं किंवा अर्धं भरलेलं मॅगझिन जमिनीवर टाकून पुढे गेलात तर ३ सेकंदांचा दंड बसतो. ते खिशात घालावं लागतं, तेव्हा पॅन्टचा डावा खिसा खोल आणि तोंडाशी सैल हवा. डावखुरे असाल तर उजवा.

एक महत्त्वाचं. आयडीपीएत पिस्तूल मॅगझिनसकट वजन करून बघतात आणि प्रत्येक विभागाला वजनाची कमाल मर्यादा आहे. शॅडो २ पोलादी फ्रेमचं, सुमारे १३३० ग्रॅमचं पिस्तूल. होल्स्टर विकत घेण्याआधी आयडीपीएला क्लब कोणतं पिस्तूल देणार ते विचारा. तिथे ग्लॉक १७ किंवा सीझेड पी-१० देत असतील तर तुमचं शॅडोचं होल्स्टर आयडीपीएला निरुपयोगी आहे.

स्टील चॅलेंज सगळ्यात सोपं. आठ ठरलेल्या स्टेज, प्रत्येकीवर पाच लोखंडी प्लेट. प्रत्येक स्टेज पाच वेळा खेळायची, सगळ्यात वाईट वेळ सोडून द्यायची. फक्त आउटर लिमिट्स नावाची स्टेज चार वेळा, कारण तिथे मधे एका चौकटीतून दुसरीत पळावं लागतं. सुरुवात हात खांद्यांच्या वर धरून. एका फेरीला मॅगझिन बदलायची गरज सहसा पडत नाही. पाऊच हवेत ते पाच फेऱ्यांची पाच मॅगझिनं हाताशी राहावीत म्हणून. त्यांची जागा, कोन, वेग याला इथे महत्त्व नाही. महत्त्व आहे ते हात वरून खाली येताना मूठ पहिल्याच झटक्यात बरोबर सापडण्याला, म्हणजे होल्स्टरच्या उंचीला आणि ते न हलण्याला. .२२ रिमफायरने खेळलात तर होल्स्टर लागतच नाही, पिस्तूल हातात खाली रोखून सुरुवात होते.

रेस होल्स्टरबद्दल माझं मत ठाम आहे: पहिल्या वर्षी नको. त्यात पिस्तूल ट्रिगर गार्डच्या एका ठोकळ्यावर अडकलेलं असतं, स्लाइड उघडी. आयपीएससीच्या ओपन आणि स्टँडर्ड विभागवाल्यांना ते शोभतं. त्याला लॉकची कळ असते, आणि ती चालताना, वाकताना, लक्ष्यांना पट्ट्या चिकटवताना लावलेली हवी. नवख्याच्या हातून ती उघडी राहते आणि कोपर किंवा दाराची चौकट लागून पिस्तूल खाली येतं. कोर्स सुरू असताना पिस्तूल पडलं की सामन्यातून बाद. भरलेलं की रिकामं, हे कुणी विचारत नाही. कायडेक्सच्या आणि रेसच्या ड्रॉमध्ये (पिस्तूल होल्स्टरातून काढण्यात) जो फरक पडतो, तो पहिल्या वर्षी तुमच्या लक्ष्यावरच्या चार्ली आणि डेल्टा (कमी गुणांच्या भागांतल्या) फटक्यांत कुठल्या कुठे वाहून जातो.

अजिंक्यतारा

वाईकर, रेस होल्स्टरच्या बाबतीत सहमत. पण मॅग्नेटचंही सांगायला हवं होतं, कारण दुकानदार ते हमखास गळ्यात मारतात. बेल्टच्या पुढे लावलेल्या चुंबकावर पहिलं मॅगझिन आडवं चिकटवायचं, ही ओपन-स्टँडर्डची पद्धत. प्रॉडक्शनमध्ये हाडाच्या पुढे काहीच चालत नाही, त्यामुळे ते घेऊन ठेवायचं कुठे? शिवाय चुंबक पोलादी मॅगझिन घट्ट धरतो, ग्लॉकसारखं प्लॅस्टिकचं आवरण असलेलं मॅगझिन तितकं धरत नाही.

कृष्णाकाठ_सांगली

खूप आभार दोघांचेही. वजनाचं लक्षातच आलं नसतं. क्लबला मेल केला आहे: आयपीएससीला शॅडो २, साध्या साइट्स. आयडीपीएला ग्लॉक १७ मिळेल म्हणाले.

आता बेल्ट आणि जुळवणी कशी करायची ते कुणी टप्प्याटप्प्याने सांगेल का? इनर-आउटर म्हणजे नेमकं काय?

वाईकर_रेंज

म्हणजे तुम्हाला दोन होल्स्टरं, आयपीएससीला इनर-आउटर जोडी आणि आयडीपीएला तो दीड इंची बेल्ट. पैसे बेल्टवर घाला. होल्स्टर मध्यम चाललं तर चालेल, बेल्ट मऊ असला तर चांगलं होल्स्टरही डुलतं आणि प्रत्येक ड्रॉला मूठ वेगळ्या जागी सापडते.

इनर म्हणजे पातळ पट्टा, पॅन्टच्या लूपमधून ओवायचा, त्याच्या बाहेरच्या बाजूला वेल्क्रोचा मऊ भाग. आउटर म्हणजे कडक पट्टा, आतून वेल्क्रोचा काटेरी भाग, त्याच्यावर सगळं सामान आधीच बसवलेलं. रेंजवर आल्यावर आउटर इनरवर दाबून बसवायचा. काढताना एका टोकापासून सोलून काढायचा, ओढायचा नाही. एक लक्षात ठेवा, क्लबचं पिस्तूल होल्स्टरमध्ये असताना बेल्ट काढायचा नाही. आधी रेंज ऑफिसरसमोर किंवा सेफ्टी एरियात पिस्तूल पेटीत जातं, मग बेल्ट निघतो.

माप पॅन्टच्या लेबलवरून घेऊ नका. लेबलवरचा ३४ आणि खरी कंबर यात बरंच अंतर निघतं. सामन्याला घालायची तीच पॅन्ट घाला, शर्ट आत खोचा, लूपच्या उंचीवरून टेप फिरवा, तो आकडा इनरसाठी. मग इनर चढवून त्यावरून पुन्हा मोजा, तो आउटरसाठी. आउटर कापून छोटा करता येतो, मोठा करता येत नाही. कापलेलं नायलॉनचं टोक लायटरच्या ज्वाळेजवळून फिरवून वितळवून घ्या, नाहीतर धागे सुटत जातात.

कडकपणा दुकानातच तपासा. बेल्टचे दोन भाग साधारण एक फूट अंतरावर दोन्ही हातांत धरा, कड वर ठेवून पिळून बघा. सहज पिळला गेला तर १३०० ग्रॅमचं पिस्तूल त्याला बाहेर झुकवणारच.

आता जुळवणी. पिस्तूल रिकामं, मॅगझिन काढलेलं, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेलं, काडतुसं त्या खोलीतच नाहीत. क्लबमध्ये हे काम फक्त सेफ्टी एरियात करायचं. तिथे पिस्तूल हाताळता येतं, पण काडतूस, डमी काडतूससुद्धा, काढायचं नाही.

आधी होल्स्टर बसवा. हात सैल सोडल्यावर मनगटाचं हाड जिथे येतं, त्याच्या जरा वर मूठ यावी. उंची ठरली की ड्रॉचा पहिला अर्धाच भाग करून बघा: मूठ पूर्ण, घट्ट, गोळी झाडताना जशी धराल तशी धरायची आणि तिथेच थांबायचं. मधलं बोट ट्रिगर गार्डखाली बसताना बेल्टला किंवा हँगरच्या स्क्रूला अडकतंय का, अंगठ्याचं सांध्याचं हाड बरगडीला घासतंय का, हे बघा. अडकत असेल तर हँगर एक भोक खाली. घासत असेल तर होल्स्टर आणि हँगर यांच्यात एक वॉशर किंवा स्पेसर घालून बाहेर, पण ५० मिलिमीटर डोक्यात ठेवून. तिरपेपणा सुरुवातीला शून्य ठेवा, पिस्तूल सरळ उभं.

मग पकड. होल्स्टर बेल्टवरून काढून, गादीच्या वर उलटं धरून हलवा. रिकामं पिस्तूल पडायला नको. पडलं तर पकडीचा स्क्रू पाव फेरा घट्ट. पाव फेऱ्यांनीच पुढे जा, एकदम आवळू नका. फार घट्ट झालं तर ड्रॉ करताना आख्खा बेल्ट वर ओढला जातो, आणि मग माणूस झटका मारायला लागतो. त्या झटक्यात तोंड पुढे किंवा आडवं जातं, रेंज ऑफिसरचं लक्ष तिथेच असतं.

पाऊच सगळ्यात शेवटी. पहिला पाऊच हाडाच्या रेषेच्या लगेच मागे, गोळ्यांची टोकं पुढच्या दिशेला. बाकीचे त्याच्या मागे, मधे एक बोट जाईल एवढं अंतर. अंतर कमी ठेवलं तर मॅगझिन धरताना तर्जनी पुढच्या मॅगझिनवर आपटते. पाऊच एकसारखे उभे लावू नका. मागचा पाऊच पाठीच्या वळणावर जातो, तेव्हा त्याचं तोंड थोडं पुढे कलवा, नाहीतर मनगट मुरडावं लागतं.

शॅडो २बद्दल एक. प्रॉडक्शनमध्ये असं डबल-सिंगल ॲक्शन पिस्तूल हॅमर पूर्ण खाली सोडून होल्स्टर करतात, पहिली फैर डबल ॲक्शनची, म्हणजे ट्रिगर ओढूनच हॅमर उठतो आणि पडतो. भरलेल्या चेंबरवर हॅमर अंगठ्याने खाली सोडायचा क्षण सगळ्यात नाजूक. तोंड मातीच्या बांधाकडे, दुसऱ्या हाताचा अंगठा हॅमरसमोर, घाई अजिबात नाही. पहिले काही आठवडे हे रिकाम्या पिस्तुलावर प्रशिक्षकासमोर घोटून घ्या.

होल्स्टर घेताना नाव नीट वाचा. सीझेड ७५चं किंवा एसपी-०१चं होल्स्टर शॅडो २ला बसेलच असं धरून चालू नका, पुढच्या खालच्या फ्रेमचा आकार वेगळा आहे. डबल अल्फा, घोस्ट, ब्लेड-टेक यांच्याकडे मॉडेलच्या नावाने वेगळं मिळतं.

कुपवाड_फिटर

इथे काय बनवता येईल ते सांगतो.

होल्स्टर बनवून नेऊ नका. कायडेक्सचं होल्स्टर खऱ्या पिस्तुलावर किंवा अचूक साच्यावर दाबावं लागतं, आणि शॅडो २ तुमच्याकडे नाही. फोटोवरून, मापांवरून बनवलेलं होल्स्टर ट्रिगर गार्डवर सैल बसतं, आणि तीच जागा सगळ्यात महत्त्वाची.

इनर बेल्ट मात्र जरूर बनवा. गणपती पेठेत ३८ मिलिमीटरची नायलॉन वेबिंग आणि त्याच रुंदीचा वेल्क्रो शोधा. कंबरेचं माप अधिक १२ सेंटिमीटर. मऊ वेल्क्रो पूर्ण लांबीला बाहेरून शिवायचा, काटेरी वेल्क्रो फक्त एका टोकाला आतून १२ सेंटिमीटर. शिवण दोन्ही कडांना, आणि टोकांना चौकट करून आत फुली. नुसता गोंद लावलेला वेल्क्रो घामाने सुटतो. साध्या मशीनवर सुई मोडेल, बॅगा शिवणाऱ्याकडे किंवा चप्पल-बूटवाल्याकडे द्या. आउटरच्या वेल्क्रोची रुंदी तीच आहे ना ते आधी बघा, काही आउटर अरुंद येतात.

पॅन्टचे लूप शिंप्याकडून पुन्हा लावून घ्या. तयार पॅन्टला पाच लूप असतात आणि त्यातले दोन नेमके होल्स्टर आणि पहिल्या पाऊचच्या खाली येतात, तिथे जाड होऊन सामान झुकतं. एकूण सात लूप, आतून ४५ मिलिमीटरची उघडी उंची, टोकांना बारटॅक (दाट टाक्यांची पक्की शिवण). होल्स्टरच्या जागेच्या दोन्ही बाजूंना एकेक आणि मधे काही नाही.

आता स्क्रू. होल्स्टर सैल होतं ते निम्म्या वेळा स्क्रूमुळे, आणि ते सामन्याच्या मध्यातच होतं. निळं, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा, पण जपून. ते काही प्लॅस्टिकना तडे पाडतं. स्क्रू बाहेर काढून, धातूच्या आट्यांवर एक थेंब, पुसून, मग बसवा. प्लॅस्टिकवर ओघळू देऊ नका. एक रात्र तसंच ठेवा. नंतर स्क्रूच्या डोक्यापासून होल्स्टरवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय. रोज पाना लावून तपासण्यापेक्षा हे बरं. पकडीच्या स्क्रूखालची रबरी वॉशर मात्र थ्रेडलॉकरने भिजवू नका, ती दबते-फुगते म्हणूनच पकड कमीजास्त करता येते. दोन वॉशर आणि दोन स्क्रू जादा घेऊन पिशवीत ठेवा, त्या मापाचा ॲलन पानाही.

कायडेक्स उन्हात सांभाळा. साधारण १६० ते १७५ अंश सेल्सिअसला तो साच्यात घालण्याइतका मऊ होतो, पण ८० अंशांच्या आसपासच आकार सोडायला लागतो. एप्रिलमध्ये मिरजेत बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं तर तोंड वाकडं झालंच म्हणून समजा. पाऊच एखाद्या जागी घट्ट वाटला तर हॉट एअर गनने तेवढीच जागा लांबून, गन हलती ठेवून गरम करतात. मॅगझिनला मास्किंग टेपचे दोन थर गुंडाळून आत घालायचं आणि थंड होईपर्यंत धरून ठेवायचं. पृष्ठभाग चमकायला लागला म्हणजे जास्त तापलं, मागे घ्या. होल्स्टरच्या ट्रिगर गार्डच्या भागाला ही गन लावायचीच नाही.

चामड्याचा मोह असेल तर तोही सोडा. चामडं घामाने आणि पावसाने मऊ पडतं, तोंड आत मिटतं, आणि पिस्तूल परत घालताना मिटलेली कड ट्रिगरमध्ये शिरू शकते. साताऱ्या-महाबळेश्वरकडच्या पावसाळ्यात तर बुरशीही धरते.

माणदेशी_ताई

वहिनींसाठी वेगळं बघावंच लागेल. नवऱ्याचा सेट छोटा करून दिला की झालं, असं होत नाही.

बाईची कंबर वरून आत आणि खाली बाहेर जाते. बेल्टखालचा नितंबाचा भाग होल्स्टरचं खालचं टोक बाहेर ढकलतो, त्यामुळे वरची मूठ बरगडीत रुतते. मग ड्रॉ करताना खांदा उचलून कोपर कानाकडे न्यावं लागतं आणि मूठ अर्धीच हातात येते. यावर उपाय खाली-बाहेर नेणारा हँगर, तोही ज्याचा आडवा कोन बदलता येतो असा, म्हणजे होल्स्टरचं वरचं टोक शरीरापासून दूर झुकवता येतं. पण दोन्ही टोकांची मर्यादा आहे: मुठीचा मध्य ५० मिलिमीटरच्या आत आणि मुठीची टाच बेल्टच्या वरच. म्हणून आधी कोन बदला, मग अंतर वाढवा, उंची सगळ्यात शेवटी कमी करा. उलट क्रमाने गेलं की नियमाबाहेर जायला वेळ लागत नाही.

पॅन्ट उंच कंबरेची नको. मध्यम उंचीची घेतली तर बेल्ट हाडांवर टेकतो आणि धड लांब मिळतं. लेगिंग किंवा इलॅस्टिकवाल्या ट्रॅकपॅन्टला लूप नसतात, त्या बाद. बायकांच्या तयार जीन्सचे लूप अरुंद असतात, तेव्हा फिटरभाऊंनी सांगितलेली सात लूपची युक्ती इथे जास्त कामाची. वळणदार कापलेले बेल्टही मिळतात, वरची कड खालच्या कडेपेक्षा आखूड. सरळ बेल्टची वरची कड पोटात टोचत असेल तर ते बघा.

पाऊचही चार बसतील असं धरू नका. कंबर बारीक असेल तर हाडाच्या रेषेपासून पाठीच्या मध्यापर्यंत जागाच कमी असते. चौथा पाऊच मणक्यावर आला तर हात पोचत नाही आणि पडल्यावर लागतं. तीन पाऊच नीट, चौथं मॅगझिन मागच्या खिशात. पाऊचची पकडही जरा सैल ठेवा. उलटा धरून हलवल्यावर मॅगझिन टिकलं, तर तेवढं पुरे.

शॅडो २ची मूठ छोट्या हाताला कशी बसते तेही तपासा. पहिल्या डबल ॲक्शन फैरीला ट्रिगर लांब असतो. बोटाचं टोक पोचत नसेल तर पातळ ग्रिप पॅनेल बदलता येतात. ते झाल्यावरच होल्स्टरची उंची पक्की करा, कारण पॅनेल बदललं की मुठीवरची हाताची जागा बदलते.

कृष्णाकाठ_सांगली

ताई, हे इतकं स्पष्ट कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. आभार.

शेवटचे दोन: इथून निघेपर्यंत कशाचा सराव करू? आणि विमानात हे सामान नेताना काही अडचण?

अजिंक्यतारा

सराव मॅगझिन बदलण्याच्या हालचालीचा आणि पायांचा करा. सुताराकडून शॅडोच्या मॅगझिनच्या रुंदी-जाडीचे चार लाकडी ठोकळे करून घ्या. कडा घासलेल्या, वजनासाठी आत भोक पाडून शिसं किंवा खिळे भरलेले. पिस्तुलासारखं दिसणारं काहीही बनवू नका, गरज नाही. बेल्ट लावा, डावा हात पाऊचवर, तर्जनी ठोकळ्याच्या पुढच्या कडेवर, बाहेर काढून छातीसमोर आणा. डोळे ठोकळ्यावर नकोत, जिथे मॅगझिनची विहीर (मुठीतली मॅगझिन घालायची पोकळी) येईल त्या जागेवर. दोन-तीन पावलं डावीकडे चालत, मग मागे चालत. पाऊचची जागा चुकलेली असेल तर इथेच कळतं. ब्रनोला पोचल्यावर खऱ्या मॅगझिनने फक्त पकड जुळवायची राहील.

एअर पिस्तूलवाल्यांना एक सवय मोडावी लागते: एका हाताने, बाजूने उभं राहून नेम. प्रॅक्टिकलमध्ये दोन्ही खांदे लक्ष्याकडे, गुडघे मोकळे, दोन्ही हात. ते लक्षात ठेवूनच होल्स्टरची जागा ठरवा. बाजूने उभं राहून जुळवलेलं होल्स्टर समोर वळल्यावर मागे गेलेलं असतं.

विमानाचं म्हणाल तर रिकामा बेल्ट, पाऊच, लाकडी ठोकळे चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत नको. मॅगझिन, स्प्रिंग किंवा पिस्तुलाचा कुठलाही सुटा भाग इथून न्यायचा नाही, तिथेच क्लबकडून घ्या. परत येताना जास्त सांभाळा. रेंजवर वापरलेली पिशवी घरी आणायची असेल तर सगळे कप्पे उलटे करून झटका, शिवणीत आणि बुटांच्या तळाच्या खाचांत बोट फिरवा. विमानतळावर बॅगेत एक जिवंत काडतूस सापडलं तर थेट पोलीस ठाणं, आणि रिकाम्या केसवरूनही तासन् तास प्रश्नोत्तरं होतात. शक्यतो ती पिशवी तिथेच कुणाला देऊन टाका आणि बेल्ट वेगळा, धुऊन, नव्या पिशवीत आणा. वेल्क्रोच्या काट्यांत अडकलेलं गवत आणि धागे त्याआधी तारेच्या नव्हे, नायलॉनच्या ब्रशने काढा. तारेच्या ब्रशने काटे तुटतात.